इंग्रजीत ॲडजेक्टिव्हचे प्रकार नक्की किती? पाच, आठ की दोनच?

सांगलीकर_बाबा

नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे, सेमी इंग्रजी. तिच्या वहीत ॲडजेक्टिव्हचे पाच प्रकार उतरवून दिलेत. घरात तिच्या आत्याचं जुनं गाइड आहे, त्यात आठ. आणि क्लासचे सर सांगतात की माय, धिस, सम, एव्हरी हे मुळात ॲडजेक्टिव्ह नाहीतच, त्यांना डिटर्मिनर म्हणायचं. पोरगी वैतागलीये, ‘बाबा, परीक्षेत कुठलं लिहू?’ मी मराठी माध्यमाचा. नामाबद्दल विशेष माहिती सांगतं ते विशेषण, एवढ्यावर आजवर निभावलं.

प्रश्न दोन. प्रकार खरोखर किती? आणि ते पाठ करून इंग्रजी बोलता-लिहिताना काही फरक पडतो, की नुसती मार्कांची सोय?

तिरकस

प्रकार दोनच. साहेबांनी अप्रेझलच्या आधी वापरलेली आणि अप्रेझलच्या खोलीत वापरलेली.

खडूफळा

बाबासाहेब, आयुष्यभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

‘अ ब्रेव्ह सोल्जर’ मधला ब्रेव्ह गुण सांगतो. ‘सम मिल्क’, ‘मच सॉल्ट’ यांत मोजता न येणाऱ्या गोष्टीचं प्रमाण आहे. ‘थ्री मँगोज’, ‘द थर्ड रो’, ‘मेनी पीपल’ ही संख्या झाली. ‘धिस बॉय’, ‘दोज हाउसेस’ मध्ये बोट दाखवलंय. ‘विच रोड’, ‘व्हॉट टाइम’ मध्ये प्रश्न आहे. ‘माय बॅग’, ‘देअर व्हिलेज’ मध्ये मालकी. ‘ईच चाइल्ड’, ‘एव्हरी संडे’, ‘आयदर साइड’ मध्ये एकेकाला वेगळं धरलंय. आणि ‘इंडियन टी’, ‘जपानी’ला जॅपनीज, असे विशेषनामावरून केलेले शब्द, जे इंग्रजीत नेहमी कॅपिटल अक्षराने सुरू होतात. झाले आठ.

पाचवाले पुस्तक चूक नाही. ते इंडियनला गुणात ढकलतात, ईच-एव्हरीला संख्येत बसवतात आणि माय-युअरला सर्वनामाच्या धड्यात पाठवतात. माणसं तीच, रेशनकार्डं वेगळी.

मुलीला एक मात्र नीट समजावा. प्रकार शब्दाचा नसतो, त्या वाक्यातल्या कामाचा असतो. ‘धिस बॅग इज हेवी’ मधला धिस ॲडजेक्टिव्ह, कारण त्याच्यापुढे बॅग आहे. ‘धिस इज हेवी’ मधला धिस प्रोनाउन, कारण तो एकटाच उभा आहे. ‘सम मिल्क’ मधला सम प्रमाणाचा, ‘सम बॉइज’ मधला संख्येचा. पेपर काढणारे नेमके इथेच सापळा लावतात.

एमपीएससी_वारी

सरांना +१. स्पर्धा परीक्षांमध्येही प्रश्न असाच येतो, एक शब्द अधोरेखित करून चार पर्याय. तिथे डिटर्मिनरबिटर्मिनर कुणी विचारत नाही.

त्यात फ्यू, अ फ्यू आणि द फ्यू हा तर प्रत्येक क्लासवाल्याचा लाडका टॉपिक. ‘ही हॅज फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे बिचाऱ्याला मित्रच नाहीत जवळजवळ. ‘अ फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे आहेत की चार-दोन. ‘द फ्यू फ्रेंड्स ही हॅड’ म्हणजे थोडेच होते, पण होते तेवढे सगळे. लिटलचंही हेच, फक्त पाणी, पैसा, वेळ अशा न मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी. अभ्यासिकेत आमचं वाक्य ठरलेलं आहे, पोस्ट फ्यू, उमेदवार मेनी, आशा अ लिटल.

शब्दवेडी

भाषाशास्त्र शिकलेय, म्हणून क्लासच्या सरांची बाजू घेते. ते बरोबर आहेत.

डिटर्मिनर, म्हणजे नाम कुठलं, कुणाचं, किती ते ठरवून देणारा शब्द, हे काही कालपरवा निघालेलं खूळ नाही. लेनर्ड ब्लूमफील्ड या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये हा शब्द वापरला. त्याने ॲडजेक्टिव्हचेच दोन मोठे गट केले, वर्णन करणारे आणि मर्यादा घालणारे, आणि डिटर्मिनर दुसऱ्या गटात ठेवले. पुढे हे शब्द ॲडजेक्टिव्हपासून वेगळेच काढले गेले. १९८५ चं क्वर्क आणि मंडळींचं जाडजूड व्याकरण घ्या किंवा २००२ चं हडलस्टन आणि पुलम यांचं, दोन्हीकडे माय आणि धिस हे ब्रेव्ह आणि टॉलच्या रांगेत बसत नाहीत. नावं ठेवण्याची पद्धत दोघांची वेगळी आहे, पण रांग वेगळी हे दोघांनाही मान्य.

कारण साधं आहे. ब्रेव्हच्या आधी व्हेरी लागतं, ‘व्हेरी माय’ होत नाही. ब्रेव्हचं ब्रेव्हर होतं, धिसचं काही होत नाही. ‘द सोल्जर इज ब्रेव्ह’ चालतं, ‘द बॅग इज माय’ चालत नाही, तिथे माइन लागतं. आणि ब्रेव्हसारखे शब्द कितीही रचत जा, ‘अ टॉल ब्रेव्ह यंग सोल्जर’. पण अ, द, माय, धिस, एव्हरी यांची जागा एसटीतल्या खिडकीसारखी आहे, एक बसला की दुसऱ्याला नाही. ‘द माय बुक’ नाही, ‘अ धिस बुक’ नाही, ‘धिस माय बुक’ पण नाही.

इथेच बाबांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. आपण मराठीत बिनदिक्कत ‘हे माझं पुस्तक फाटलं’ म्हणतो. हे आणि माझं, दोघेही शेजारी-शेजारी. म्हणून आपली मुलं ‘धिस माय बुक इज टॉर्न’ लिहितात. इंग्रजीत ‘धिस बुक ऑफ माइन’ असा वळसा घ्यावा लागतो. आठ प्रकार घडाघडा म्हणणाऱ्या मुलालाही ही चूक का होते ते सांगता येत नाही, कारण त्याच्या यादीत दोघेही एकाच जातीचे, ॲडजेक्टिव्ह. डिटर्मिनर कळलेल्याला येतं.

खडूफळा

शब्दवेडीताई, खिडकीची जागा आवडली. पण ‘ऑल माय फ्रेंड्स’, ‘बोथ दीज रूम्स’, ‘माय टू सन्स’ यांचं काय? तिथे दोघेदोघे बसलेत की.

दुसरं, तुमची व्हेरीची परीक्षा. ‘मेडिकल कॉलेज’ मधल्या मेडिकलला तुम्ही ॲडजेक्टिव्हच म्हणाल ना? ‘व्हेरी मेडिकल कॉलेज’ म्हणून दाखवा.

शब्दवेडी

सर, दोन्ही मुद्दे रास्त.

पहिल्याचं उत्तर असं की खिडकी एक, पण तिच्या आगेमागे उभं राहायला जागा आहे. ऑल, बोथ, हाफ हे पुढे उभे राहतात. टू, मेनी, फ्यू, फर्स्ट हे मागे. ‘ऑल माय मेनी फ्रेंड्स’ अशी रांग होते. मधली जागा मात्र एकाचीच.

दुसऱ्याचं असं, मेडिकल, ॲन्युअल, डिजिटल, वुडन हे जात सांगणारे ॲडजेक्टिव्ह आहेत, कमी-जास्त मोजायचे नाहीत. मुलाखत ॲन्युअल असते किंवा नसते, फार ॲन्युअल नसते. पण म्हणून ते डिटर्मिनर होत नाहीत, कारण ‘द ॲन्युअल रिपोर्ट’ मध्ये द बरोबर ते सुखाने राहतात आणि ‘धिस ॲन्युअल रिपोर्ट’ मध्येही. एकच परीक्षा घेऊन निकाल लावायचा नाही, चार-पाच घ्यायच्या. काही शब्द काठावर पास होतात, ते तसेच राहू द्यायचे.

तिरकस

काठावर पास होणाऱ्यांच्या वतीने ताईंचे आभार.

फायलींचा_ढीग

आमच्या ऑफिसातला किस्सा सांगतो, विषयाला धरूनच आहे.

सरकारी पत्रव्यवहारात आम्ही ऊठसूट ‘द कन्सर्न्ड ऑफिसर’ लिहितो, म्हणजे संबंधित अधिकारी. एकदा एका परदेशी संस्थेला ड्राफ्ट गेला. तिकडच्या बाईंनी फोनवर अगदी काळजीने विचारलं की तुमचे अधिकारी चिंतेत का आहेत? कारण तिकडच्या इंग्रजीत कन्सर्न्ड नामाच्या आधी आला की काळजीत पडलेला. संबंधित म्हणायचं असेल तर नामाच्या नंतर, ‘द ऑफिसर कन्सर्न्ड’. तेव्हापासून प्रत्येक फाइलवर मला काळजीत पडलेला अधिकारीच दिसतो. फारसं चुकीचं चित्र नाही म्हणा.

तसंच ‘द प्रेझेंट मेंबर्स’ म्हणजे सध्याचे सभासद, ‘द मेंबर्स प्रेझेंट’ म्हणजे सभेला हजर असलेले. इतिवृत्तात हे उलटं पडलं तर कोरमचा गोंधळ. ‘द रिस्पॉन्सिबल ऑफिसर’ जबाबदार, भला माणूस, आणि ‘द ऑफिसर रिस्पॉन्सिबल’ म्हणजे ज्याच्यावर खापर फोडायचंय तो.

हा कुठला प्रकार, खडूफळा सर? आठात कुठे बसतो?

एमपीएससी_वारी

शेवटचं उदाहरण वहीत उतरवून घेतलं _/\_

मालवणी_मसाला

पण ‘कन्सर्न्ड ऑफिसर’ भारतात सगळ्यांना कळतं. आपल्या इंग्रजीत तो अर्थ रुळलाय, मग लंडनचं दडपण कशाला? वर्तमानपत्रांत रोज छापून येतं.

फायलींचा_ढीग

मसालेदादा, इथल्या इथे खुशाल लिहा. पत्र सातासमुद्रापार जाणार असेल तर शब्द एक घर मागे सरकवा. फुकट आहे.

शब्दवेडी

ढीग यांच्या प्रश्नाला सर उत्तर देतीलच, पण हे आठात बसत नाही, कारण ते आठ अर्थावरून पाडलेत आणि हा मामला जागेचा आहे. माझ्या मते इंग्रजी ॲडजेक्टिव्हची खरी मेख इथे आहे आणि गाइडं तिथवर पोचतच नाहीत.

बहुतेक ॲडजेक्टिव्ह दोन्हीकडे चालतात, ‘अ हॅपी चाइल्ड’ आणि ‘द चाइल्ड इज हॅपी’. काही फक्त क्रियापदानंतर येतात. अस्लीप, अवेक, अफ्रेड, अलाइव्ह, अलोन, अशेम्ड. ‘द बेबी इज अस्लीप’ ठीक, ‘ॲन अस्लीप बेबी’ नाही, ‘अ स्लीपिंग बेबी’ म्हणा. हे अ ने सुरू होणारे शब्द बघा. यातल्या बऱ्याच शब्दांतला अ हा मुळात ऑन किंवा तशाच एखाद्या शब्दयोगीचा झिजलेला तुकडा. अस्लीप म्हणजे झोपेत, अलाइव्ह म्हणजे जिवंतपणात. ‘झोपेत बाळ’ असं आपणही म्हणत नाही, ‘बाळ झोपेत आहे’ म्हणतो. याच्या उलट मेन, मिअर, फॉर्मर, अटर हे फक्त नामाच्या आधी. ‘द मेन रीझन’ चालतं, ‘द रीझन इज मेन’ चालत नाही.

आणि ‘समथिंग न्यू’, ‘नथिंग स्पेशल’, ‘एनीवन इंटेलिजंट’ यांत ॲडजेक्टिव्ह नेहमी मागून. ‘न्यू समथिंग’ कुणी म्हणत नाही.

निवृत्त_हवालदार

आमच्या फौजेतला शब्द आठवला, कोर्ट मार्शल. कोर्ट नाम, मार्शल विशेषण, उलट्या क्रमाने. अनेक झाले की कोर्ट्स मार्शल, असं ॲडज्युटंट साहेब दुरुस्त करायचे. ॲटर्नी जनरलचंही तेच, ॲटर्नीज जनरल. पण मेजर जनरल अनेक असले तर मेजर जनरल्स. हा दुजाभाव का?

शब्दवेडी

हवालदारकाका, १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे काही शतकं तिथल्या दरबारात आणि कोर्टात फ्रेंच चालत होती. फ्रेंचमध्ये विशेषण बहुतेक वेळा नामाच्या मागे असतं. म्हणून कायद्यातले आणि राज्यकारभारातले शब्द असे उलटे राहिले, ॲटर्नी जनरल, कोर्ट मार्शल, एअर ॲपेरंट म्हणजे गादीचा वारस. तिथे पहिला शब्द नाम म्हणून अनेकवचन त्याला. मेजर जनरल हा मात्र जनरलचाच एक दर्जा, म्हणून स शेवटी.

शंखपाणि

चर्चा रंगली आहे, म्हणून जरा मागे जातो.

विशेषण ही स्वतंत्र शब्दजात आहे हे गृहीतच धरू नका. प्राचीन निरुक्तकार यास्काने संस्कृत शब्दांचे चार वर्ग केले, नाम, आख्यात म्हणजे क्रियापद, उपसर्ग आणि निपात म्हणजे अव्ययं. विशेषणाचा वेगळा वर्ग नाही. ते नामातच. कारण संस्कृतात विशेषण नामासारखंच चालतं. शाळेत सगळ्यांनी घोकलेलं असेल:

यल्लिङ्गं यद्वचनं या च विभक्तिर्विशेष्यस्य।
तल्लिङ्गं तद्वचनं सा च विभक्तिर्विशेषणस्यापि॥

म्हणजे ज्या नामाचं ते विशेषण, त्याचं जे लिंग, वचन आणि विभक्ती, तेच विशेषणाचं. लॅटिनमध्येही तसंच. म्हणून जुन्या युरोपीय व्याकरणांत ‘नाउन सब्स्टॅन्टिव्ह’ आणि ‘नाउन ॲडजेक्टिव्ह’ अशी नामाचीच दोन पिल्लं असत. इंग्रजीत विशेषणाला लिंग-वचन-विभक्तीचे प्रत्ययच उरले नाहीत, तेव्हा ते नामापासून वेगळं दिसायला लागलं आणि त्याचं बिऱ्हाड वेगळं झालं. मराठीत १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांनी व्याकरण लिहिलं तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर होता, त्यामुळे आठ शब्दजाती आपल्या पाठ्यपुस्तकात आल्या आणि विशेषण त्यांत स्वतंत्र बसलं. मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये या सगळ्या मांडणीची पुन्हा कसून तपासणी केली.

तेव्हा पाच की आठ हे भांडण फार नंतरचं.

तिरकस

लेकीला सांगा, पेपरात लिही ‘यास्कमते हा प्रश्नच गैरलागू’. दोन मार्क पक्के कापले जातील, पण बाणा राहील.

अवंती_म्युनिक

शंखपाणि, तुमचं वाचून हसू आलं, कारण मी सध्या त्याच चक्कीत दळतेय. जर्मनमध्ये ‘डेअर गूटं मान’ पण ‘आइन गूटर मान’. माणूस तोच, चांगलाही तेवढाच, पुढचा द बदलून अ झाला की विशेषणाचं शेपूट बदलतं. त्यावर लिंग, वचन, चार विभक्त्या. ऑफिसातले इंग्रज सहकारी हे ऐकून डोक्याला हात लावतात. मला मात्र ओळखीचं वाटतं. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल, चांगल्या मुलाला, हे आपण बोलताना कुठे मोजतो?

इंग्रजीतही हे सगळं होतं म्हणे एकेकाळी?

शब्दवेडी

होतं तर. जुन्या इंग्रजीत विशेषणं लिंग, वचन, विभक्तीप्रमाणे चालायची. साधारण पंधराव्या शतकापर्यंत शेपटं गळून गेली. अनेकवचनाची खूण उरली फक्त धिस-धीज आणि दॅट-दोज या जोड्यांत. म्हणून ‘टॉल बॉय, टॉल बॉइज’, पण ‘धिस बॉय, धीज बॉइज’. ‘धिस बुक्स’ ही आपल्याकडची हमखास चूक. गंमत म्हणजे मराठी पोराने ती करू नये, कारण हा मुलगा, ही मुलं असं तो रोज बदलतोच. पण बाकी सगळी विशेषणं बदलत नाहीत असं एकदा डोक्यात बसलं की यालाही तो तिथेच टाकतो.

पोदेर

गोंयांतल्यान लिहितां. कोंकणीतही बरो, बरी, बरें. पण एक निरीक्षण. आमच्याकडे मराठी शाळेतून आलेली आणि इंग्रजी शाळेतून आलेली मुलं दोन्ही शिकायला येतात. बदलणाऱ्या विशेषणांची सवय असलेली मुलं इंग्रजीत ‘ब्यूटिफुल्स फ्लॉवर्स’ असं कधी लिहीत नाहीत. पोर्तुगीज शिकलेले आजोबा मात्र गमतीने तसं बोलायचे, कारण पोर्तुगीजमध्ये विशेषणालाही अनेकवचनाचा स लागतो.

मालवणी_मसाला

मराठीत तरी सगळी कुठे बदलतात? सुंदर मुलगा, सुंदर मुलगी, सुंदर मुलं. लाल, कडू, हुशार, गरीब ढिम्म. आकारान्त असलं तरच वाकतं, आणि त्यातही ताजासारखी काही लोक बदलतात, काही नाही. ‘ताजी भाजी’ की ‘ताजा भाजी’ यावर आमच्या बाजारात एकमत आहे, पण जादाचं बघा, ‘जादा गाडी’, ‘जादी’ नाही.

टेस्टर_ताई

आयटीवाली इथे. प्रकारांपेक्षा मला जन्मभर छळलेले मुद्दे सांगते.

एक, बोअरिंग आणि बोअर्ड. नव्या पोरांचे मेल येतात, ‘आय ॲम व्हेरी इंटरेस्टिंग इन धिस प्रोजेक्ट’. बाळा, तू इंटरेस्टिंग असशीलही, पण ते आम्हाला ठरवू दे. भावना ज्याच्या मनात निर्माण झाली त्याला एड, जिच्यामुळे निर्माण झाली तिला इंग. मीटिंग बोअरिंग, आम्ही बोअर्ड. एवढं कळलं तर निम्मी कंपनी सुधारेल.

दोन, ‘टेन डेज ट्रेनिंग’ की ‘टेन-डे ट्रेनिंग’. दोन्ही दिसतं. जोडशब्द करून नामाच्या आधी ठेवला की स गळतो. ‘अ फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय’, ‘अ टेन-रुपी नोट’. पण ‘द बॉय इज फाइव्ह इयर्स ओल्ड’. आपण ‘दहा रुपयांची नोट’ म्हणतो, रुपयांची, अनेकवचनात. म्हणून आपल्याकडून टेन-रुपीज नोट होते.

तीन, फ्रेंडली, लव्हली, कॉवर्डली. शेवटी ली दिसलं की ॲडव्हर्ब असं क्लासने पढवलेलं असतं. हे तिन्ही ॲडजेक्टिव्ह आहेत. आणि ‘द मिल्क स्मेल्स सार’ म्हणायचं, सारली नाही, कारण दूध वास घेत नाहीये, दुधाला वास येतोय.

तिरकस

टेस्टरताई, ‘सार’ वाचून आधी टोमॅटोचं आठवलं. आंबट लिहा हो.

टेस्टर_ताई

आंबट, आंबट. जेवून या आधी.

एमपीएससी_वारी

क्रमाबद्दल कुणी सांगेल का? ‘अ रेड बिग बॉल’ चूक आणि ‘अ बिग रेड बॉल’ बरोबर, हे कानाला कळतं, पण नियम?

खडूफळा

नियम आहे. आधी आपलं मत, मग आकारमान, वय, घाट, रंग, कुठलं आहे ते, कशाचं आहे ते आणि शेवटी कशासाठी आहे ते. ‘अ ब्यूटिफुल ओल्ड ब्राउन लेदर रायडिंग सॅडल’. जे मत बोलणाऱ्यागणिक बदलू शकतं ते नामापासून लांब, आणि जे त्या वस्तूच्या अंगचंच आहे ते नामाला चिकटून. आपल्याकडेही ‘छान मोठी जुनी तांब्याची कळशी’ असंच म्हणाल. ‘तांब्याची जुनी मोठी छान कळशी’ म्हटलं तर ऐकणारा वळून बघेल. म्हणून मराठी मुलांना हा नियम पाठ करायला लावू नये असं माझं मत, त्यांचा कान आधीच तयार असतो.

शब्दवेडी

सहमत. फक्त ‘बिग बॅड वुल्फ’ या नियमाला दाद देत नाही, कारण बॅड हे मत, ते आधी यायला हवं होतं. इंग्रजी कानाला जोडशब्दांत इ, मग आ असा स्वरांचा क्रम आवडतो, टिक-टॅक, झिग-झॅग, तोच इथे वरचढ ठरला असं सांगतात.

निवृत्त_हवालदार

‘सुपीरियर दॅन’ लिहिलं म्हणून एकदा साहेबांनी अख्खं पत्र परत केलं होतं. सुपीरियर टू, सीनियर टू, ज्युनियर टू. का ते कुणी सांगितलं नाही.

शंखपाणि

कारण हे लॅटिनमधले तुलनादर्शक आयते आले. त्यांच्यापुढे मोअर लागत नाही आणि मागे दॅन येत नाही, टू येतो. इन्फीरियर आणि प्रायर हेही त्याच गोत्रातले.

सांगलीकर_बाबा

बापरे. एवढं होईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, लेकीला बसवून वाचून दाखवलं. तिला कन्सर्न्ड ऑफिसर आणि खिडकीची जागा आवडली. पण तिचा प्रश्न तसाच आहे. परवा चाचणी आहे. ‘एव्हरी डॉग हॅज इट्स डे’ मधला एव्हरी काय लिहायचा?

खडूफळा

शाळेच्या वहीत जे आहे ते. पेपर तपासणाऱ्या बाईंसमोर तीच वही असणार. पाच प्रकारांची वही असेल तर संख्येचा, आठांची असेल तर डिस्ट्रिब्यूटिव्ह, म्हणजे एकेकाला वेगळं धरणारा. प्रश्नातच डिटर्मिनर हा शब्द असला तर डिटर्मिनर. आणि एव्हरीनंतर नाम आणि क्रियापद एकवचनी, डॉग आणि हॅज, तेवढं मात्र तिन्ही वह्यांत सारखंच.

शब्दवेडी

सरांशी या बाबतीत भांडण नाही. चाचणी झाली की तिला एक खेळ द्या. वर्तमानपत्रातला एक इंग्रजी परिच्छेद घ्यायचा, प्रत्येक नामाच्या आधीचे शब्द खोडायचे आणि वाक्य उभं राहतं का ते बघायचं. ‘द ओल्ड ब्रिज कोलॅप्स्ड’ मधला ओल्ड काढला तर काही बिघडत नाही, माहिती कमी होते एवढंच. द काढला तर ‘ओल्ड ब्रिज कोलॅप्स्ड’ ही बातमीची हेडलाइन होते, साधं वाक्य राहत नाही. असे दहा परिच्छेद केले की दोन गट तिचे तीच पाडेल, नावं काहीही देऊ दे.

मालवणी_मसाला

ताई, हेडलाइनवाले डिटर्मिनर खातात हे आज कळलं. जागेचे पैसे वाचवत असतील.

नवखा_०७

पहिलाच प्रतिसाद आहे, सांभाळून घ्या. ‘ही इज एल्डर दॅन मी’ असं मी आत्ताच एका अर्जात लिहून पाठवलंय. चालेल का?

टेस्टर_ताई

एल्डर नामाच्या आधी, ‘माय एल्डर ब्रदर’, तेही घरच्या नात्यांत. दॅन असेल तर ओल्डर. पण अर्ज गेला असेल तर झोपा शांत, अर्थ सगळ्यांना कळतो.

तिरकस

अर्ज कन्सर्न्ड ऑफिसरकडेच गेलाय ना? मग त्यांना आधीच खूप काळज्या आहेत.